यातलं तुमचं किती?

विमलताई गेल्याचं मला भाजीच्या गाड्यापाशी कळलं. वारज्यात आमच्या सोसायटीबाहेर सकाळी एक गाडा लागतो. तिथे मी रोज पावशेर भेंडी घेतो आणि दीड तास बोलतो. भाजीवाल्याचं म्हणणं असं की, निवृत्त पोलीस इतके बोलतात हे आधी कळलं असतं तर त्याने गाडा दुसरीकडे लावला असता. त्या दिवशी मी त्याला स्वारगेटच्या स्टँडवरून अकरा पाकीटमार एकाच दोरीला बांधून पायी चौकीपर्यंत कसे आणले, ते सांगत होतो. सातव्या पाकीटमारापर्यंत आलो आणि फोन वाजला. ताईंची मुलगी सुजाता होती. "काका, आई पहाटे गेली. झोपेतच गेली," एवढं म्हणाली आणि थांबली. कुणी काही जड ऐकलं की लगेच पुढचं वाक्य त्याच्या अंगावर टाकायचं नाही, त्याला वेळ द्यायचा, ही ताईंची शिकवण. मुलीने ती आईच्याच बातमीला लावली. मी फोन कानाला लावून उभा राहिलो. माझ्या हिशेबाने तास गेला असेल, भाजीवाला म्हणतो दोन मिनिटं. पण मला गप्प उभं राहिलेलं त्याने प्रथमच पाहिलं, आणि काही न विचारता माझ्या हातातली पिशवी काढून बाजूला ठेवली... पाकीटमार अकरा नव्हते, तीन होते, हे इथेच सांगून टाकतो. ताईंविषयी लिहायचं तर आकडे उतरवूनच सुरुवात केलेली बरी.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. विमल ओव्हाळ या इथल्या एका सरकारी रुग्णालयात अपघात विभागाच्या इनचार्ज सिस्टर होत्या. नव्वदीच्या मध्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं, जे तेव्हा कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. ज्या बाईवर, मुलीवर, कधी एखाद्या मुलग्यावर लैंगिक अत्याचार झालेला आहे, ते माणूस पहिल्यांदा ज्याच्यासमोर येऊन उभं राहतं, त्याला कसं वागायचं ते शिकवायचं. डॉक्टर, वकील, न्यायाधीश हे सगळे नंतरचे. त्यांच्या आधी चौकीतला हवालदार असतो, वॉर्डातली आया असते, एसटी स्टँडवरचा कंट्रोलर असतो, कंपनीच्या गेटवरचा रखवालदार असतो. ताई म्हणायच्या, मोठी माणसं भेटेपर्यंत तुम्ही लोकांनी जे करायचं ते करून ठेवलेलं असतं. हे त्या कौतुकाने म्हणत नसत. उंची पाच फुटांच्या आत, फिकट सुती साडी, आणि आवाज असा की तो मागच्या बाकावर ऐकू यायचा तर मागच्या बाकाला गप्प बसावंच लागे. त्यांच्या वडिलांनी छपन्न साली दीक्षा घेतली. कारखान्यात कामगार होते. दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरात एक नियम केला. कुणीही बोलत असेल, अगदी चार वर्षांचं पोर का असेना, त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. कारण आपल्या लोकांचं वाक्य आजवर कुणी पुरं होऊ दिलेलं नाही. अशा घरात वाढलेल्या बाईच्या वाट्याला विद्यार्थी म्हणून मी यावा, यात नियतीने थोडी मजाच केली.

मी त्यांच्या वर्गात कसा पोचलो, ते सांगायला माझी थोरवी आधी सांगावी लागेल. मी पोलीस ठाण्यात रायटर हवालदार होतो. लोकांनी बोलायचं आणि मी त्यांची फिर्याद लिहून घ्यायची. माझ्या फिर्यादींची ख्याती अशी होती की, सायकल चोरीला गेली तरी वाचणाऱ्याला त्या सायकलचं घराणं कळे. दुसऱ्या ठाण्यांतले हवालदार माझ्या फिर्यादी नकलून न्यायला रांगा लावत. (दोन आले होते. एक पत्ता विचारायला.) आता पोलिसी फिर्यादीला एक साचा असतो. चोर नेहमी अंधाराचा फायदा घेऊनच पळतो, मारहाण नेहमी लाथाबुक्क्यांनीच होते, आणि बाईवर कुणी हात टाकला की ती आरडाओरड करतेच. हा साचा कुणी केला कोण जाणे, पण खाकी चढवावी तसा आम्ही तो प्रत्येकाच्या तोंडावर चढवत होतो.

एका दुपारी ताई एका बाईला रुग्णालयातून घेऊन ठाण्यात आल्या. पांढऱ्या गणवेशातच होत्या. बाई शहराच्या पश्चिमेकडच्या खेड्यातली. तिकडे तेव्हा भाताच्या खाचरांत काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या, आणि अशाच एका नव्या संगणक कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ही भांडी घासायला होती. ठेकेदाराच्या मुकादमाने तिथल्या कोठीच्या खोलीत तिच्यावर अत्याचार केला होता. ताईंनी सोबत आत बसू का म्हणून विचारलं. मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. आत बाई सांगू लागली. तिचं एक वाक्य मला आजही पाठ आहे. "म्या वराडले न्हाय, साहेब. वराडाया गेले, पर आवाजच फुटंना." मी ऐकलं, मान हलवली, आणि लिहिलं, 'मी जिवाच्या आकांताने आरडाओरड केली, परंतु यंत्रांच्या घरघरीत माझी किंकाळी विरून गेली.' आकांत माझा, किंकाळी माझी, यंत्रंही माझीच. त्या कंपनीत संगणक होते, ते कसले घरघरतात. शेवटी रीतीप्रमाणे, फिर्याद वाचून दाखवली, ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, हे लिहिलं आणि भराभर वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमी लिवलंय म्हंजी बरोबरच आसंल. आणि सही केली. मला कुणी घाई केली नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं. वाक्य झकास जमलं होतं, म्हणून मी ते लिहिलं. आज हे जितक्या सरळ लिहितोय तितक्या सरळ मी ते पुढची कितीतरी वर्षं कुणालाही सांगितलं नाही, आणि या लेखात सांगण्यासारखं काही असेल तर ते एवढंच आहे.

खटला उभा राहायला दोन-अडीच वर्षं गेली. आरोपीच्या वकिलाने माझं ते वाक्य कोर्टात अगदी निवांत, चवीने वाचून दाखवलं. मग तिला विचारलं, तुम्ही ओरडलात का? ती म्हणाली, न्हाय. मग हे कुणी सांगितलं? ती गप्प. घरघर कसली? ती गप्प. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी या लेखात तिचे डोळे निखाऱ्यासारखे वगैरे केले असते. पण ती फक्त, आता काय म्हणायचं असतं, एवढंच विचारल्यासारखी पाहत होती... मुकादम सुटला. निकालपत्रात कारणं बरीच होती, पण पहिलं कारण माझ्या हस्ताक्षरात होतं. बाहेर व्हरांड्यात ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आता सिस्टर आरडाओरड करणार म्हणून मी चार-पाच सबबी जिभेवर तयार ठेवल्या होत्या.

"ओरडलात तुम्ही, हवालदार," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ती नव्हती ओरडली."

मी तयार सबबींतली सगळ्यात वरची काढली. म्हटलं, सिस्टर, साहेबांची घाई होती, ते पाठीशी उभे होते, मला पुरतं ऐकूनच घेता आलं नाही. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, बरं म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं, प्रकरण मिटलं. महिनाभरात लेखी हुकूम आला. हवालदारांना विशेष प्रशिक्षण, दर शनिवारी, नारायण पेठेतल्या एका शाळेत. नावं वरिष्ठांनी निवडलेली, फक्त माझं नाव सिस्टरांनी स्वतः मागून घेतलेलं.

ती शाळा प्राथमिक होती. बाक तिसरीच्या पोरांचे. त्यात आम्ही सहा फुटी, पोट सुटलेले हवालदार गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. आमच्यातला एक जण बाकात इतका अडकला की सुतार बोलवावा लागला. (सुतार मी घातला. शाळेच्या शिपायाने बाक उचलला आणि म्हणाला, साहेब, आता सरका.) पलीकडच्या रांगेत रुग्णालयातल्या नर्सा आणि आया. ताईंनी भाषण केलं नाही, कायद्याची कलमं सांगितली नाहीत. म्हणाल्या, एका नर्सने किंवा आयाने शेजारच्या हवालदाराला स्वतःची एक साधी, पण लाज वाटलेली गोष्ट सांगायची. मग हवालदाराने ती वर्गाला सांगायची. माझ्या वाट्याला शेवंताबाई नावाच्या आया आल्या. साठीला टेकलेल्या, तोंडात तपकीर. त्यांनी मला सांगितलं की रुग्णालयाच्या जिन्यावर त्या चहाच्या किटलीसकट घसरल्या, मोठे डॉक्टर आणि सगळी मंडळी समोर होती. एवढीच गोष्ट. पण माझ्या हाती आल्यावर ती एवढी राहणार कशी. मी किटली हवेत उडवली, चहा मोठ्या डॉक्टरांच्या टकलावर पाडला, जिना तीन मजले लांबवला आणि शेवंताबाईंना शेवटच्या पायरीवर सिंहासनावर बसावं तशा बसवलं. वर्ग बाकांसकट हलत होता. नर्सा डोळे पुसत होत्या. मी खाली बसलो तेव्हा टाळ्या पडल्या.

ताई थांबल्या. टाळ्या संपू दिल्या. मग म्हणाल्या, "नाटक छान झालं. शेवंताबाई, यातलं तुमचं किती?"

"नाव तेवढं माझं," शेवंताबाई म्हणाल्या.

वर्ग पुन्हा हसला. ताई हसल्या नाहीत. काही राहिलं का, एवढंच त्यांनी विचारलं. शेवंताबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या की सगळे हसले म्हणून मीबी हसले, मग न्हाणीघरात जाऊन रडले. "ते म्या सांगितलं होतं ह्यांना. ह्यांनी ते गाळलं." आणि त्या माझ्याकडे बघून, मलाच वाईट वाटू नये म्हणून, ओशाळं हसल्या. मी गाळलं होतं, खरंच. गंमत बिघडत होती ना. माझ्या उभ्या नोकरीत माझ्यावर दगडफेक झाली, लाठ्या बसल्या, एकदा तर हत्ती अंगावर आला. (म्हैस होती.) पण त्या हसण्याने मला जसं जमिनीत गाडलं तसं कशानेच नाही.

पुढे मी सगळे शनिवार गेलो. ताईंचं शिकवणं फार बारीकसारीक गोष्टींचं असे. आलेल्या माणसाची खुर्ची अशी ठेवा की त्याला बसल्या जागेवरून दार दिसेल. कडी लावू नका. पाठीवर हात ठेवायचा तर आधी विचारा. बेटा, बाळ, माउली काही म्हणू नका, ती तुमच्याकडे आई-बाप शोधायला आलेली नाही. तुम्ही आलात हे बरं केलंत, एवढं म्हणा आणि गप्प बसा. आणि एक शब्द त्यांनी वर्गात बंदच करून टाकला होता, 'का'. तिथे का गेलीस, इतके दिवस का बोलली नाहीस, दार का उघडलंस. ज्याच्या तोंडून 'का' निघेल त्याने उभं राहायचं, वर्ग सुटेपर्यंत. पहिल्या शनिवारी दुपारी बारापर्यंत सगळे हवालदार राष्ट्रगीत लागल्यासारखे ताठ उभे होते. एकाने विचारलं, ताई, आम्हाला का उभं केलंय? त्याला त्यांनी बाकावर उभं केलं.

मग शहर बदललं. काचेच्या इमारती वाढत वाढत गेल्या, आणि कंपन्यांच्या गाड्यांचे चालक, रखवालदार, मनुष्यबळ विभागातल्या चुणचुणीत मुली ताईंच्या वर्गात येऊ लागल्या. त्यांतली एक म्हणाली होती, मॅम, आमच्याकडे प्रॉपर प्रोसेस आहे, सगळा फॉर्म ऑनलाइन आहे. ताई म्हणाल्या, छान. फॉर्म रडायला लागला तर काय करता? मुलगी गोंधळली, मग हसली, मग वही काढून लिहायला बसली. आणि एका चालकाने भीतभीत हात वर करून विचारलं की गाडीत मागे बसलेल्या मॅडम रडायला लागल्या, तर गाडी थांबवायची की चालवत राहायचं. त्या दिवशी ताईंना झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. म्हणाल्या, इतक्या वर्षांत एकाही साहेबाने मला इतका चांगला प्रश्न विचारलेला नाही. उत्तर सोपं आहे, तिलाच विचारा.

मी तोवर विद्यार्थ्याचा 'नमुना' झालो होतो. हा त्यांचाच शब्द. प्रत्येक नव्या तुकडीसमोर त्या मला उभं करायच्या आणि म्हणायच्या, हे आमचे हवालदार, यांनी एक चूक केली आहे, ती ते सांगतील. बाकीही बरंच सांगतील, त्यातलं निम्मं सोडून द्या. मग त्या भिंतीलगतच्या खुर्चीवर जाऊन बसत आणि मी माझ्या किंकाळीची, यंत्रांची आणि सुटलेल्या मुकादमाची गोष्ट सांगे. सगळी सांगे. फक्त साहेबांची घाई तिच्यात तशीच होती. नुसती होती असंही नाही, ती वर्षागणिक वाढत होती. पहिल्या तुकडीत साहेब पाठीशी उभे होते. तिसरीत ते बुटाची टाच आपटू लागले. पुढे त्यांच्या हातात घड्याळ आलं, मग ते माझ्या मानेवर फुसफुसू लागले. शेवटी शेवटी तर साहेबांचा असा राक्षस झाला होता की वर्गातल्या मुली माझ्याकडेच करुणेने पाहत. बिचारे काका, वरून किती दबाव. ताई माझ्या बाकीच्या थापा तिथल्या तिथे पकडत. पाकीटमार अकरा म्हटलं की, मागच्या वेळी सात होते, असं भिंतीकडून येई. पण साहेबांच्या घाईवर त्या कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटे, एवढी एक पचली.

त्याच वर्षांतली एक दुपार सांगायला हवी. यवतमाळकडची एक मुलगी आमच्या ठाण्यात आली. इथे फोनवरून ग्राहकांशी बोलणाऱ्या एका कंपनीत लागली होती, मैत्रिणींबरोबर खोली करून राहत होती. घरमालकाच्या नातेवाइकाने तिच्यावर अत्याचार केला होता. मी खुर्ची वळवली, दार उघडं ठेवलं, सोबत आलेल्या मैत्रिणीला बसायचं का विचारलं आणि लिहायला घेतलं. मुलगी तिच्या बोलीत सांगत होती. "मी वरडली नाही जी. दोरीवर कपडे वाळू घातले होते. मले सारखं वाटे, आभाळ आलं, कपडे वले होतीन." माझा हात थांबला. कपडे! या जागी काय काय लिहिता आलं असतं, तुम्हाला कल्पना नाही. माझ्या डोक्यात तीन किंकाळ्या आणि एक 'अबला' तयार होती. मी कपडे लिहिले. ती म्हणाली तसेच, तिच्याच शब्दांत. पूर्ण फिर्याद लिहायला चार तास लागले, मधे ती तीनदा थांबली, मीही थांबलो. वाचून दाखवली तेव्हा दोन ठिकाणी तिने मला दुरुस्त केलं. संध्याकाळी नव्या साहेबांनी कागद चाळून विचारलं, हे धुण्याचं काय लिहून ठेवलंय? मी म्हटलं, साहेब, तिचं आहे, राहू द्या. कोर्टात वकिलाने नेमकं त्याच कपड्यांवर बोट ठेवलं, आणि तिने तेच शब्द पुन्हा सांगितले, त्याच क्रमाने, कारण ते तिचेच होते. आरोपीला शिक्षा झाली. मी ताईंकडे अक्षरशः धावत गेलो. (रिक्षाने.) म्हटलं, ताई, आपण केस जिंकली. त्या म्हणाल्या, "ती जिंकली, हवालदार. तुम्ही फक्त मधे आला नाहीत." मग, तुमच्यासारख्याला ते जास्त अवघड, असं पुटपुटत त्यांनी माझ्यासमोर चहाचा कप सरकवला. ताईंच्या तोंडून मी ऐकलेली ही सगळ्यात मोठी स्तुती.

शेवटची भेट झाली ती त्या जायच्या दहा-बारा दिवस आधी. त्यांचं घरही वारज्यातच, माझ्यापासून चालत दहा मिनिटांवर. दुपारी गेलो तेव्हा सुजाता ऑफिसला गेलेली, शेजारच्या बाई दार उघडून आपल्या घरी परतल्या. ताई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली औषधांच्या बाटल्या ओळीत, लेबलं पुढे करून, नर्सच्या हातची शिस्त. फार वाळल्या होत्या. अशा वेळी माणूस जे करतो ते मी केलं, म्हणजे अर्धा तास न थांबता बोललो. भाजीवाला, सोसायटीची निवडणूक, गुडघा. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, येत्या महिन्यात नवी तुकडी आहे ना? मला जमणार नाही. तुम्ही काय सांगणार? म्हटलं, नेहमीचंच. त्या काहीच बोलल्या नाहीत. मी खिडकीबाहेर पाहिलं, बाटल्या पाहिल्या, पंखा पाहिला. त्या थांबल्याच होत्या. ही बाई शेकडो माणसांसमोर अशी थांबली असेल, आणि त्या प्रत्येकाला वाटलं असेल की ती आपल्यासाठीच थांबली आहे...

"ताई," मी म्हटलं, "त्या दिवशी साहेब पाठीशी नव्हते."

"हं."

"घाई नव्हती कुणाची. वाक्य जमलं होतं, म्हणून लिहिलं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, दमल्या. पण मग त्या म्हणाल्या, "साहेब त्या दिवशी रजेवर होते. साहेब रजेवर आहेत, त्यांच्या परवानगीशिवाय आत सोडता येणार नाही, असं तुम्हीच मला सांगितलंत. बाकावर बसवताना."

मला आठवेना. मग आठवलं. मी इतक्या वर्षांत साहेबांना टाच आपटायला लावली, घड्याळ दिलं, राक्षस केलं, आणि समोर भिंतीलगत जी बाई ऐकत बसली होती तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की तो माणूस त्या दिवशी ठाण्यातच नव्हता. मी म्हटलं, मग कधी बोलला नाहीत? त्या म्हणाल्या, "मी बोलले असते तर तुम्ही लगेच हो म्हणाला असतात. मग ते माझं वाक्य झालं असतं."

मी विचारलं, त्या कॅन्टीनमधल्या बाईकडे जाऊ का, तिला सांगू का? ताईंनी तिला पुढे एका शाळेत काम मिळवून दिलं होतं, त्यांचं येणं-जाणं होतं, एवढं मला माहीत होतं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाल्या, तुम्हाला हलकं वाटावं म्हणून तिच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही. तिने कधी विचारलं तर सांगा, तेव्हा मात्र एक अक्षर वाढवू नका. तोवर वर्गात सांगा, तिथे त्याचा उपयोग आहे. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या की चहा करता येत असेल तर करा, पण तुमच्या फिर्यादीसारखा करू नका, साखर कमी टाका.

ताईंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध रीतीच्या शोकसभेला, गर्दी इतकी होती की... नाही, बेताचीच होती. विहारातली सतरंजी भरली आणि मागे काही लोक उभे होते. पांढऱ्या साड्यांतल्या नर्सा होत्या, दोन-तीन गाड्यांचे चालक होते, शेवंताबाईंचा मुलगा होता. मी बोललो नाही, याचं बऱ्याच जणांना आश्चर्य वाटलं. नंतर सुजाताने विचारलं, काका, शनिवारची तुकडी ठरलेली आहे, तुम्ही घ्याल का?

गेलो. तीच शाळा, तेच बाक, आता माझाच गुडघा त्यांत मावत नाही. समोर बहुतेक तरुण महिला पोलीस, काही नर्सा. मी उभा राहिलो आणि सांगितलं. पूर्वी त्या गोष्टीला पाऊण तास लागे, हशे धरून. त्या दिवशी चार मिनिटांत संपली. साहेब नव्हते, टाच नव्हती, घड्याळ नव्हतं. बाई म्हणाली आवाज फुटला नाही, मी लिहिलं ती ओरडली, कारण ते लिहायला मला बरं वाटलं, आणि आरोपी सुटला. कुणाच्याही चेहऱ्यावर मला करुणा दिसली नाही. पूर्वी दिसायची. मी पुढे काय बोलावं ते सुचेना म्हणून थांबलो, ताईंसारखा ठरवून नव्हे. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक कॉन्स्टेबल उभी राहिली. विशी-बाविशीची असेल. म्हणाली, "सर, मीपण लिहिते आरडाओरड. सगळे लिहितात म्हणून." आणि मग खालच्या आवाजात, "परवाच एक लिहिली. ती ताई म्हणत होती, मी नाही ओरडले."

माझ्याकडे त्या क्षणी एक उपदेश, दोन सांत्वनं आणि एक हत्तीची गोष्ट तयार होती. मी एवढंच म्हटलं की पुरवणी जबाब घेता येतो. परवाचीच आहे, कोर्टात गेलेली नाही. तिने बाकीच्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सर, आत्ता जाऊ? म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? तिने पर्स उचलली, टोपी घातली आणि जिन्यावरून धडधडत गेली. किती पायऱ्या एकदम उतरली ते मी सांगत नाही.

वर्ग माझ्याकडे पाहत राहिला, आता काहीतरी जोरदार येणार म्हणून. मी भिंतीलगतची खुर्ची थोडी मागे घेतली, तिच्यावर बसलो आणि म्हटलं, "आता तुम्ही बोला."